शुक्राला निघालेला गोळा

भाचीची हळद परवावर आली होती आणि माझ्या मुलाची रजा रद्द झाली. लग्नात घालायचा शर्ट तो आमच्या साक्रीच्या घरात इस्त्री करत होता. फोन आला. इस्त्री उभी करून त्याने तो घेतला, "हो सर, हो सर" एवढंच बोलला, आणि मग तो अर्धवट इस्त्रीचा शर्ट घडी करून बॅगेत ठेवायला लागला.

"आई, निघावं लागेल."

"लग्न होईपर्यंत तरी थांबशील?"

"आजच."

तो लष्करात आहे. नेमणूक पंजाबात, नक्की कुठे ते तो सांगत नाही आणि मीही विचारायचं सोडलंय. गेल्या वर्षीचा मे महिना होता. टीव्हीवर दिवसभर सीमेवरच्या बातम्या चालल्या होत्या, मोठ्या शहरांत भोंगे वाजवून सराव चालला होता. मी साक्रीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. मुलगा प्राथमिक शाळेत असतानाच त्याचे वडील गेले. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच.

जळगावच्या फलाटावर त्याच्यासारखी बरीच मुलं होती. कुणाची आई कुंकू लावत होती, कुणाची बायको लांब उभी राहून बघत होती. गाडी यायच्या आधी तो म्हणाला, "फोन बंद लागेल. बंद लागला म्हणजे काही झालं असं धरून बसू नको." मला धीर यावा म्हणून त्याने ते सांगितलं होतं. पण परतीच्या एसटीत मी तेवढं एकच वाक्य धुळं येईपर्यंत उलटसुलट करत बसले. तोवर मला फक्त काळजी वाटत होती. भीती तिथून सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी मी माहेरी गेले. साक्रीच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. धाकटा भाऊ शेती करतो, आबा, म्हणजे माझे वडील, त्याच्याजवळ असतात. त्याच्याच मुलीचं लग्न. जाताना एसटीत मी दर थोड्या वेळाने मुलाचा नंबर लावत होते. बंद. मग नुसतं बसवेना म्हणून फोनवर बातम्या चाळायला लागले, आणि त्यात ती बातमी दिसली. रशियाने फार पूर्वी शुक्र ग्रहाकडे पाठवलेलं एक यान पृथ्वीजवळच अडकून राहिलं होतं. ते आता खाली येणार होतं. एक-दोन दिवसांत. कुठे पडेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या कुणी ती बातमी वाचून बोटाने पुढे ढकलली असती. मला ती ढकलता आली नाही, आणि त्याला कारण आहे.

आबा आमच्याच गावात प्राथमिक शिक्षक होते. कामानिमित्त धुळ्याला गेले की स्टँडजवळ रशियन पुस्तकांची मोटार उभी असायची. गुळगुळीत जाड कागद, रंगीत चित्रं, मराठीत छापलेली आणि अगदी स्वस्त. त्यातलं एक अंतराळाचं पुस्तक त्यांनी माझ्यासाठी आणलं. पहिला उपग्रह, अंतराळात गेलेला पहिला माणूस, पहिली बाई, चंद्रावर फिरलेली चाकांची गाडी. पुस्तकातली सगळी माणसं वर जायची आणि हसत खाली यायची. एका पानावर मात्र कुत्री होती. एका लहान पेटीत बसवलेली, एक कान उभा आणि एक वाकलेला. तिच्या पानावर ती वर गेल्याचं लिहिलं होतं आणि विज्ञानाची मोठी सेवा केल्याचं लिहिलं होतं. पुढच्या पानावर दुसराच विषय.

मी आबांना विचारलं, "हिला खाली कधी आणली?"

आबांनी पान उलटलं. मी परत विचारलं. तेव्हा ते म्हणाले, "ती उतरनी नही, पोरी."

त्यानंतर बरेच महिने मी अंधार पडायला लागला की अंगणात थांबायची नाही. ती कुत्री अजून वर फिरते आहे, तिला भूक लागली आहे, आणि ती खाली बघते आहे असं मला वाटायचं. मोठेपणी कळलं की ती पहिल्या काही तासांतच उष्णतेने गेली होती. रशियाने ते जगाला सांगितलं फार उशिरा. कॉलेजात असताना आणखी एक हकीकत वाचली. पहिल्या अंतराळस्थानकावर राहून परत निघालेल्या तीन जणांची. त्यांचं यान ठरल्याप्रमाणे छत्रीला लटकून सपाट माळरानावर उतरलं. लोक धावत गेले, दार उघडलं, तर तिघं पट्टे बांधून आपापल्या जागी बसलेले. अंगं अजून गरम. वरच हवेची झडप उघडली होती आणि आतली हवा निघून गेली होती. बाहेरून यानाला ओरखडासुद्धा नव्हता.

आपला पहिला अंतराळवीर रशियाच्या यानातून गेला तेव्हा मी हायस्कुलात होते. गावात एकाच घरी टीव्ही होता, सगळं गाव तिथे. लोक टाळ्या वाजवत होते. मी मात्र तो खाली येईपर्यंत रोज सकाळी आबांना विचारत होते, "उतरला का?" उतरला ते कळलं तेव्हा कुठे मी पोटभर जेवले.

म्हणून ती बातमी मी एसटीत बसून नीट वाचली, मग आणखी शोधून वाचली. त्या काळात रशिया शुक्रावर जोडीजोडीने यानं पाठवायचा. या यानाच्या जोडीचं यान शुक्रावर उतरलं, तिथून त्याने माहितीही पाठवली. हे मात्र पृथ्वीभोवतीच अडकलं. इंजिन वेळेआधी बंद पडलं, कुठलंसं घड्याळ चुकीचं लावलं गेलं होतं म्हणतात. अशा फसलेल्या यानांना रशिया शुक्राचं नाव द्यायचा नाही. एक साधं नाव आणि नंबर देऊन मोकळा व्हायचा, म्हणजे कुणाला कळायलाच नको की हे कुठे निघालं होतं. त्याचे काही तुकडे तेव्हाच न्यूझीलंडमध्ये शेतांत पडले होते. शुक्रावर उतरायचा मुख्य गोळा मात्र वर राहिला. शुक्रावर शिसं वितळेल एवढी उष्णता, आणि दाब असा की साधं भांडं चेपून जाईल. तिथे टिकेल असा तो बनवलेला. त्यामुळे इतर उपग्रह येताना जळून जातात तसा तो जळणार नव्हता. येईल तर अख्खा येईल. आणि तो ज्या पट्ट्यात फिरत होता त्या पट्ट्यात आपला सगळा देश येत होता.

गावात उतरले तेव्हा मांडवाचे लोखंडी पाइप शाळेच्या मैदानात येऊन पडले होते. वहिनी, म्हणजे भावाची बायको, हळद भिजवत होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "लागला का फोन?" मी नाही म्हणून मान हलवली. तिने पुढे काही न विचारता मला कांदे चिरायला बसवलं. बरं झालं.

आबा ओट्यावर खुर्चीत होते. आता त्यांना कमी दिसतं, पण ऐकू नीट येतं. मी त्यांच्याजवळ बसून त्यांना गोळ्याचं सांगितलं. मुलाचं नाही सांगितलं, ते त्यांना भावाने सांगितलंच होतं.

"कितला मोठा शे?" त्यांनी विचारलं.

"आपल्या कोठीतल्या कणगीएवढा. वजन बैलाएवढं."

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मी आधी कधी ऐकली नव्हती. ते स्वतः शाळेत असताना रशियाने पहिला उपग्रह सोडला. दिवेलागणीला गाव खळ्यावर जमायचं, कारण कुणीतरी पेपरात वाचलं होतं की तो दिसतो. एका संध्याकाळी खरंच एक चांदणी सरकत गेली. "लोके गप व्हई गयात," आबा म्हणाले. "मन्ही मायनी माले घरमां ओढी लिधं. म्हने, जे जागेवरनं हालनं त्यानाकडे बघाचं नही."

"तुम्ही भ्यायलात?"

"मी नही. माय भ्यायनी. तिना हात कापी ऱ्हायंता."

दुसऱ्या दिवशी हळद झाली. ढोल वाजला, बायका नाचल्या, मीही चार पावलं नाचले. फोन पोलक्यात खोचलेला होता. नाचताना मला दोनदा वाटलं की तो थरथरला. दोन्ही वेळा तो माझाच जीव होता.

त्याच दिवशी कुठून तरी एका माणसाच्या आवाजातला निरोप गावातल्या फोनांवर फिरायला लागला. उद्या दुपारी रशियाचा गोळा साक्री-नंदुरबार पट्ट्यात पडणार आहे, कुणी घराबाहेर पडू नये. आवाज मोठा ठाम होता, सरकारी माणसासारखा. थोड्या वेळाने दुसरा निरोप आला, त्यात सांगितलं होतं की कुणी घरात थांबू नये. मग तिसऱ्याने शोध लावला की तो गोळा नाहीच, तो बॉम्ब आहे आणि रशियाचं नुसतं नाव पुढे केलं आहे. सीमेवरच्या बातम्या आणि ही बातमी लोकांच्या डोक्यात एकमेकींत मिसळून गेली. पाण्याला आलेल्या बायका वर बघत बघत घरी जायला लागल्या. भावाने मजुरांना सांगितलं की हे खोटं आहे. त्यांनी मान डोलावली, आणि सकाळी त्यातले निम्मे आले नाहीत.

लग्नाच्या सकाळी मी उठले ती बातम्या बघूनच. पंजाबातल्या विमानतळांवर हल्ला झाल्याचं सांगत होते. गावांची नावं सांगत होते. त्यातलं कुठलं नाव माझं होतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून सगळीच माझी झाली. मुलाचा फोन बंद. मी त्याच्या फौजेतल्या एका मित्राच्या आईला लावला, पारोळ्याकडची आहे. तिने उचलला आणि "काही कळलं का?" असं आम्ही दोघींनी एकदमच विचारलं.

वऱ्हाड आलं, पण अर्धंच. दोन गाड्या भरून यायची माणसं वाटेतूनच परत गेली होती. मांडवात खुर्च्या रिकाम्या आणि लोक बाहेर लिंबाखाली घोळक्याने उभे. आचाऱ्याने बट्ट्या तळायला घेतल्या होत्या, वरण उकळत होतं. नवरदेवाचे वडील, साधे सज्जन गृहस्थ, भावाला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, राग मानू नका. टाळी संध्याकाळी लावू. दुपार टळू द्या."

खानदेशात मंगलाष्टकांनंतर टाळ्या पडून लग्न लागतं, म्हणून लग्नाच्या घडीलाच टाळी म्हणतात. भटजींना पुढच्या गावात दुसरं लग्न होतं. भाऊ माझ्याकडे आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"अक्का, तू माईकवर सांग. तू विज्ञानाची. तुझं ऐकतील."

"काय सांगू?"

"खोटं आहे म्हणून सांग."

ते खोटं नव्हतं, हीच तर अडचण होती. निरोप खोटा होता, पण गोळा खरा होता, आणि तो त्याच दुपारी पडायची शक्यता होती. सकाळपासून मी जेवढ्या वेळा मुलाचा नंबर लावला होता तेवढ्याच वेळा गोळ्याची बातमी उघडली होती. अंदाज दर तासाला बदलत होते. शेवटच्या अंदाजातल्या रेषा जगभर पसरलेल्या होत्या आणि त्यातली कुठली खरी ते सांगणाऱ्यांनाही माहीत नव्हतं.

मी माईक घेतला. वर्गात मी कधी अडखळत नाही. मांडवात माझा आवाज बारीक निघाला. मी लोकांना सांगितलं की रशियाने फार पूर्वी एक गोळा शुक्राकडे पाठवला होता, तो वाटेतच राहिला, आणि आता तो आपोआप खाली येतो आहे. त्यात दारूगोळा नाही. कुणी तो कुणावर सोडलेला नाही. पट्टा-बिट्टा कुणी ठरवलेला नाही, ती अफवा आहे.

पुढे एक म्हातारी बसली होती, वऱ्हाडातली. ती म्हणाली, "पन पडी ना ते?"

"पडी," मी म्हणाले.

"कोठे?"

"माले माहीत नही, माय."

मांडवात कुजबुज झाली. भाऊ माझ्याकडे बघत राहिला. मी घाईघाईने सांगायला लागले की पृथ्वीवर बहुतेक पाणीच आहे, जमीन थोडी, जमिनीवर गावं त्याहून थोडी. माणसावर असं काही पडण्यापेक्षा वीज पडण्याची भीती कितीतरी जास्त. हे बोलायला नको होतं. त्याच आठवड्यात अवकाळीत शेजारच्या शिवारात वीज पडून बैलजोडी मेली होती. मागच्या रांगेतल्या दोन बायका उठून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात लिंबाखालून एक म्हातारा अमेरिकेचं स्कायलॅब पडलं होतं तेव्हाचं मोठ्याने सांगायला लागला, "स्कायलॅपना टाइमले बी असंच व्हतं. मरनं शे म्हनीसन आम्हीन बठ्ठा बोकडं कापी खादात. काहीच पडनं नही. मंग वरीसभर घरमां बोकड नव्हतं."

लोक हसले. मीही हसले, आणि हसताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी त्या म्हाताऱ्याला म्हणालं, आज बोकड नाही, बट्टीच आहे. एकेक करून माणसं मांडवात येऊन बसायला लागली. नवरदेवाच्या वडिलांनी भावाचा हात धरला आणि म्हणाले, "चला, लावू टाळी."

अंतरपाट धरला. भाची या बाजूला, नवरदेव त्या बाजूला, दोघांच्या हातात हार. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. बायकांनी अक्षता वाटल्या. मी आबांच्या खुर्चीमागे उभी होते. मला त्या वेळी बरं वाटायला लागलं होतं, हे मी मुद्दाम सांगते. मी भाचीच्या मुंडावळ्यांकडे बघत होते.

आणि आवाज झाला.

तो आवाज कसा होता ते मला अजून नीट सांगता येत नाही. ढग गडगडतात तसा तो लांबून जवळ आला नाही. एकदमच डोक्यावर आला. छातीत कुणी आतून ढकलावं तसं झालं. मांडवाचं कापड वर उचललं गेलं आणि खाली पडलं, शाळेच्या खिडक्या खडखडल्या, झाडांवरचे कावळे एकदम उठले.

मग सगळे पळाले. मांडवातले बाहेर पळाले, कारण वरून काही पडलं तर मांडवाखाली चेंगरू म्हणून. बाहेरचे आत पळाले, कारण उघड्यावर राहू नये म्हणून. मांडवाच्या तोंडाशी दोन्ही लोंढे एकमेकांवर आदळले. खुर्च्या उलटल्या. वरणाच्या भांड्यापाशी आचारी दोन्ही हात पसरून उभा राहिला आणि "आठे नका येऊ, उकयतं शे" असं ओरडत राहिला, म्हणून कुणी भाजलं नाही. वहिनी लेकीकडे धावत निघाली होती, ती पाइपाला अडखळून हातावर पडली.

मी पळाले नाही. धीर होता म्हणून नाही, पायच उचलले नाहीत. मी आबांच्या खुर्चीजवळ खाली बसले आणि खुर्चीचा पाय दोन्ही हातांनी धरला. गोळा पडला असं मला एकदाही वाटलं नाही. मला वाटलं, माझा मुलगा गेला. पंजाब कुठे, साक्री कुठे, तिथला आवाज इथे येत नाही हे मला काय कळत नव्हतं? पण मला तेच वाटलं, आणि मी त्याचं नाव घेत होते, हाक मारल्यासारखं. ते मला आबांनी नंतर सांगितलं. मला आठवतो तो त्यांचा हात. तो माझ्या डोक्यावर होता आणि अजिबात हलत नव्हता.

"इमान शे," ते म्हणत होते. "इमान शे, पोरी. ऐक. जाई ऱ्हायनं."

मी ऐकलं. खरंच, लांब पूर्वेकडे घरघर विरत चालली होती. मैदानातून कुणीतरी ओरडलं की पांढरी रेघ दिसते. हवाई दलाचं विमान गेलं होतं, आवाजाहून वेगात. दरवर्षी मी वर्गात शिकवते की असं विमान गेलं की मागून धमाका ऐकू येतो. फळ्यावर त्याची आकृतीसुद्धा काढते.

उठून बघितलं तर बोहल्यावर वेगळंच झालं होतं. अंतरपाट धरणारे दोघं मामा पळून गेले होते, कापड खाली पडलं होतं, आणि भाची व नवरदेव टाळी लागायच्या आधीच समोरासमोर उभे होते. त्याने तिचं मनगट धरून तिला आपल्यामागे घेतलं होतं. दोघांचेही हार अजून हातातच. तो मुलगा पार पांढरा पडला होता, पण जागचा हलला नव्हता. त्याच्या आईने ते बघितलं, माझ्या भावाने बघितलं. मला वाटतं, त्या लग्नाबद्दल नंतर कुणी अशुभ-बिशुभ बोललं नाही त्याचं कारण तेच.

वहिनीचा हात मनगटापाशी सुजायला लागला होता. आचाऱ्याने लाकडी उलथणं दिलं, ते मी हाताखाली घेऊन कुणाच्या तरी ओढणीने बांधलं. भाऊ म्हणाला, साक्रीला दवाखान्यात जाऊ. ती म्हणाली, पोरगी सासरी वाटेला लावल्याशिवाय मी हलणार नाही. माणसं परत गोळा झाली, अंतरपाट झटकून पुन्हा धरला. भटजींनी मंगलाष्टकं पहिल्यापासून म्हटली, पण फार भरभर. टाळी लागली. अक्षता टाकताना लोकांचे डोळे जोडप्याकडे कमी आणि वर जास्त होते.

जेवणाच्या पंगती चालू असताना मी फोन उघडला. गोळा पडला होता. रशियाने जाहीर केलं होतं की तो हिंदी महासागरात पडला. कुणी बघितला नव्हता. वेळ बघितली तर आमची तारांबळ उडाली त्याच सुमाराची. मी भावाला सांगितलं, त्याने पंगतीत मोठ्याने सांगितलं. लोक मोकळे झाले, बट्ट्यांवर तूप जास्त मागायला लागले. तो म्हातारा मला म्हणाला, "बोलनू ना मी." माझ्याही खांद्यांवरचं काही उतरायला हवं होतं, ते उतरलं नाही. दोन दिवस मी त्या गोळ्याची भीती चारचौघांत बोलून दाखवत होते. ती संपली आणि बोलता न येणारी होती तेवढी उरली.

भाची गाडीत बसत असतानाच कुणीतरी सांगत आलं की लढाई थांबली, दोन्हीकडून थांबवली. बायका रडता रडता टाळ्या वाजवायला लागल्या. सगळे माझ्याकडे बघत होते, जणू मला बक्षीस लागलं होतं. मी नंबर लावला. बंद. जेवणं आवरून टीव्ही लावला तर पुन्हा सीमेवर ड्रोन दिसल्याच्या बातम्या. भावाने टीव्ही बंद केला. आबा म्हणाले, "चालू ठेव. तिले ऐकू दे." पण मी उठून भांडी घासायला गेले.

दुसऱ्या दिवशी वहिनीला घेऊन मी साक्रीच्या एसटीत बसले. भावाला मांडवाचा हिशेब होता, तो मागून येणार होता. वहिनीचा हात माझ्या मांडीवर, उलथण्यासकट. गाडी घाटात होती. फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

मी उचलला. गाडीच्या आवाजात पलीकडचं काही कळेना. एक माणूस बोलतोय एवढंच कळत होतं. मी "कोण, कोण" म्हणत राहिले. माझा आवाज चढला असावा, कारण कंडक्टरबाई तिकिटं सोडून माझ्याजवळ आली. तिने माझ्याकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं.

"पोऱ्या शे तिना. फौजमां," वहिनी म्हणाली.

कंडक्टरबाईने घंटीची दोरी ओढली. गाडी वळणाच्या बाजूला थांबली. तिने पुढे जाऊन ड्रायव्हरला काही सांगितलं आणि त्याने इंजिन बंद केलं. भरलेली गाडी, उभी माणसं, टोपल्या, कुणी खोकलंसुद्धा नाही.

"आई," तो म्हणाला. "आता येतंय का ऐकू?"

"हां."

"दुसऱ्याचा फोन आहे. मी ठीक आहे."

"कुठे आहेस?"

"आहे तिथंच." जरा थांबून म्हणाला, "लग्न झालं का नीट?"

"झालं."

"बट्ट्या उरल्या का?"

मी हो म्हणाले. उरल्या नव्हत्या. त्याला झोप आली होती, त्याचे शब्द एकमेकांत अडकत होते. "ठेवतो आई, मागे पोरं उभी आहेत," म्हणाला आणि त्याने ठेवला.

मी फोन खाली घेतला. कंडक्टरबाईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने घंटी दिली आणि गाडी सुरू झाली. मागे कुणीतरी बायकोला सांगत होतं, "बोलना, बोलना." साक्री येईपर्यंत वहिनीने चांगल्या हाताने माझं कोपर धरून ठेवलं होतं.

डॉक्टरांनी हात प्लास्टरमध्ये घातला. कसा मोडला विचारलं तर वहिनीने सांगितलं, "इमाननी मोडा." ते हसले, मग आमच्या तोंडाकडे बघून औषधं लिहायला लागले.

मुलगा पावसाळा संपल्यावर रजेवर आला. थोडा बारीक झाला होता. त्या दिवसांबद्दल तो बोलला नाही. एकदा भाजी निवडताना मी विचारलं, तर म्हणाला, "आई, आवाज फार होता." एवढंच. आता तो परत तिकडे आहे. फोन बहुतेक लागतो. पण अनोळखी नंबर दिसला की मी तो लगेच उचलत नाही. तो थोडा वाजू देते. वाजतोय तोवर काहीच झालेलं नसतं.